नवी रचना दोनदा वाजवा: हयात रचनाकारांच्या संगीताची मालिका सुरू करणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात तुम्ही चौघं आहात: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन वाजवून झालेत. आता दर दोन महिन्यांनी एक अशी मैफलींची मालिका सुरू करायची आहे, प्रत्येक वेळी तीन नव्या रचना, आणि तिच्यात फक्त आज हयात असलेल्या रचनाकारांचं चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांसाठी लिहिलेलं संगीत, वाजवायचं आहे. लोक येतील का, आले तर त्यांना कळेल का, रचना कशा निवडायच्या, आणि हक्क, परवानग्या, पैसे यांचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी चेलो वाजवते. सदाशिव पेठेत वाढले, मुंबईत आणि मग अमेरिकेत शिकले. गेली १६ वर्षं इथल्या एका लहान गावात, चर्चच्या ९० खुर्च्यांच्या हॉलमध्ये, आम्ही सहा-सात जण अशीच एक मालिका चालवतो. पुढे जे सांगतेय ते त्या १६ वर्षांतलं आहे.

पहिल्या मैफलीला लोक येतात. घरचे, क्लासमधले, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी वाचून आलेले दोघं-तिघं. त्यातले किती जण तिसऱ्या मैफलीला परत दिसतात ते मोजा. मी मोजत आले आहे. सर्वांत जास्त फरक पडला तो एकाच गोष्टीने: नवी रचना त्याच संध्याकाळी दोनदा वाजवल्याने. बाकीचंही सांगते, पण त्यातलं काही जमलं नाही तरी एवढं कराच.

आम्हाला हे अपघातानेच कळलं. मालिकेचं दुसरं वर्ष, फेब्रुवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ. कार्यक्रमात एक नवा क्वार्टेट, म्हणजे चौघांसाठीची रचना, होता, चौदा मिनिटांचा, आणि मध्यंतरानंतर एक पियानो ट्रायो, पियानोसह तिघांसाठीची रचना. पियानोवादक दुपारपर्यंत तालमीत होता. साडेपाचला त्याला सणकून ताप भरला. ट्रायो रद्द, आणि लोक तर येऊन बसलेले. मध्यंतरात मागच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कॉफी पिताना आम्ही ठरवलं की क्वार्टेटच पुन्हा वाजवू. पहिल्या वेळी हॉलमध्ये नेहमीची शांतता होती, सभ्य, खुर्चीला पाठ टेकून बसलेली. दुसऱ्या वेळी, चौथ्या मिनिटाच्या आसपास व्हायोला एकटी उरते आणि बाकीचे तिघं तिच्या सुराखाली हळूच येतात, तिथे समोरच्या रांगेतला एक माणूस पुढे सरकून बसलेला मला दिसला. ती जागा येणार हे त्याला ठाऊक होतं आणि तो तिची वाट बघत होता. आपल्या बैठकीत समेच्या आधीच्या मात्रेला श्रोत्यांचे चेहरे होतात, अगदी तसा चेहरा. संपल्यावर तो भेटायला आला. सुतारकाम करणारा गृहस्थ, बायकोबरोबर आलेला. म्हणाला, "मघाशी हा भाग तुम्ही गाळला होता का?" आम्ही एक सूरही गाळला नव्हता.

तुम्हाला हे पटायला जड जाऊ नये, कारण आपण वाढलोच तशा ऐकण्यात. यमन आपण पहिल्यांदा कधी ऐकला ते कुणालाच आठवत नाही. गायिका षड्ज लावते तेव्हाच पुढे काय काय येऊ शकेल याचा नकाशा आपल्या डोक्यात तयार असतो, आणि त्या नकाशातून ती कुठे वेगळी जाते यात आपला आनंद असतो. नव्या क्वार्टेटच्या श्रोत्याकडे तो नकाशा नसतो. रचना किती लांब आहे, कुठे वळते, आवाज चढतोय म्हणजे शेवट आला की नुसतीच सुरुवात झाली, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. पहिलं ऐकणं रस्ता शोधण्यात जातं. मग आपण त्याला "नवं संगीत अवघड असतं" असं सांगून घरी पाठवतो. हे मला अन्यायाचं वाटतं, त्याच्यावर आणि रचनाकारावरही. आपल्या संगीत नाटकांत वन्स मोअरची चाल होती. बालगंधर्वांचं एकेक पद प्रेक्षक पुन्हा पुन्हा म्हणायला लावत आणि नाटक उत्तररात्रीपर्यंत चाले. त्यातून ती पदं लोकांच्या गळ्यात बसली. तुमच्या श्रोत्याला वन्स मोअर मागण्याइतकी ओळख पहिल्या फेरीत होत नाही, म्हणून तुम्हीच तो न मागता द्या.

ही युक्ती माझी नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे. ३१ मार्च १९१३ रोजी व्हिएन्नात अर्नोल्ड शोनबर्ग या रचनाकाराने आपल्या आणि आपल्या शिष्यांच्या नव्या रचनांची मैफल केली, तेव्हा सभागृहात हाणामारी झाली आणि कार्यक्रम अर्ध्यावर थांबवावा लागला. त्या दिवशी वाजलेल्या रचनांत त्याची पंधरा वाद्यांची 'चेंबर सिंफनी' होती. पाच वर्षांनी, १९१८ च्या जूनमध्ये, त्याने तीच रचना पुन्हा हातात घेतली. या वेळी मैफल ठेवलीच नाही. दहा तालमी ठेवल्या आणि त्या लोकांना खुल्या केल्या. लोक येऊन बसत, एखादा तुकडा पाच वेळा थांबवून वाजवलेला ऐकत, आणि दहाव्या दिवसापर्यंत ती रचना त्यांच्या ओळखीची झालेली असे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने खाजगी संगीतप्रयोगांची संस्था काढली. प्रवेश फक्त सभासदांना. टीकाकारांना मज्जाव. आज काय वाजणार हे आधी सांगायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत आणि हुर्यो करायची नाही. तालमी लागतील तितक्या, आणि त्या घ्यायला आल्बान बर्ग, आंटोन वेबर्न या त्याच्या शिष्यांसारखी माणसं. १९२१ अखेर महागाईने संस्था बंद पडेपर्यंत ११७ मैफलींत १५४ रचनांचे ३५३ प्रयोग झाले. भागाकार करा: प्रत्येक रचना सरासरी दोनदांहून जास्त वाजली. माझ्या दृष्टीने त्या संस्थेचं सगळं मोल या भागाकारात आहे.

टाळ्यांची बंदी मात्र उचलू नका. आपला श्रोता दाद दिल्याशिवाय ऐकूच शकत नाही, आणि मधल्या एखाद्या जागेला कुणाच्या तोंडून "वा" निघालं तर निघू दे. इथल्या मैफलींत दोन भागांच्या मध्ये कुणी चुकून टाळी वाजवली की शेजारचे वळून बघतात. त्या बघण्याने आम्ही काही श्रोते कायमचे गमावले आहेत.

प्रत्यक्षात करायचं कसं, तर रचना दहा ते पंधरा मिनिटांची निवडा. आधी काहीही न बोलता वाजवा. मग पाच मिनिटं बोला, तेही वाद्य हातात धरून. रचनाकाराचं चरित्र सांगू नका. "व्हायोलाचा हा तुकडा ऐका, शेवटाकडे हाच तुकडा चेलोकडे येतो, पण तिथे तो असा उलटा होतो" एवढं सांगा आणि दोन्ही वाजवून दाखवा. असे तीन तुकडे पुरतात. मध्ये दुसरी एखादी रचना, मग चहा, आणि चहानंतर पहिलीच पुन्हा. चहानंतर वाजवण्याचं कारण असं की चहाच्या रांगेत लोक बोललेले असतात. कुणी म्हणालेलं असतं, "ते मधलं रेल्वेसारखं काय होतं?" मग सगळेच रेल्वेची वाट बघत परत बसतात.

आता तालमीबद्दल, कारण जिवंत रचनाकार असण्याचा सगळा लाभ इथे आहे आणि बहुतेक गट तो घेत नाहीत. बेथोव्हेनला विचारता येत नाही. हयात रचनाकाराला विचारता येतं. आमच्याकडे एका तरुण रचनाकार बाईंचा क्वार्टेट होता. त्यात एका जागी चेलोला अगदी उंच कृत्रिम हार्मोनिक होता, म्हणजे अंगठ्याने तार दाबून वर दुसरं एक बोट नुसतं टेकवायचं की निघतो तो बारीक सूर, आणि वर चार 'पी' लिहिलेले, म्हणजे अतिशय हळू. मी आठवडाभर घरी घासत होते. माझ्या खोलीत तो सूर लागे, हॉलमध्ये दर तीन वेळांतून एकदाच. शेवटी त्या तालमीला आल्या तेव्हा मी सरळ सांगितलं की हे इथे बोलणार नाही. त्या काही न बोलता उठल्या, शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेल्या, भिंतीला टेकून डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा." तीनदा ऐकलं. मग परत येऊन माझ्या पानावर पेन्सिलीने तो सूर खोडून एक सप्तक खाली, डी तारेवरचा नैसर्गिक हार्मोनिक (मोकळ्या तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा) लिहिला आणि चार 'पी'चे दोन केले. छापील प्रतीत आज तोच सूर आहे. मी तो पाहते तेव्हा त्या हॉलची मागची भिंत आठवते.

तर रचनाकाराशी आधी बोला. गाव दूर असेल तर व्हिडिओवर, पण मैफलीच्या आदल्या दिवशी नको; निदान तीन आठवडे आधी, पानावर बदल करायला अवधी असताना. पहिला प्रश्न लयीचा विचारा. आजकाल बहुतेक रचना कॉम्प्युटरवर लिहिल्या जातात. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही आणि बो, म्हणजे गज, उलटा फिरवावा लागत नाही, त्यामुळे पानावर लिहिलेली गती पुष्कळदा माणसांच्या हाताला जास्त असते. "ही गती हवीच आहे, की हा तुकडा अस्वस्थ वाटायला हवा आहे?" असं विचारलं की बहुतेक जण दुसरं उत्तर देतात, आणि मग मार्ग निघतो. रचनेसोबत कॉम्प्युटरने वाजवलेली फाइल पाठवतात. ती एकदा ऐका आणि बाजूला ठेवा. तिच्याबरोबर सराव करू नका.

तालमीचा वेळ: बारा मिनिटांच्या नव्या क्वार्टेटला आम्हाला एकत्र १८ ते २० तास लागतात, स्वतःचा सराव वेगळा. दर दोन महिन्यांनी मैफल आणि प्रत्येक वेळी तीन नव्या रचना, हा तुमचा बेत पहिल्या वर्षी झेपणार नाही. वर्षाला चार मैफली, प्रत्येकीत एकच नवी मोठी रचना, हे झेपेल. दोनदा वाजवण्याचा हाही एक फायदा आहे: तास भरतो, पण तालीम एकाच रचनेची करावी लागते.

एक रचना सांगते, म्हणजे "तालीम" या शब्दात काय काय येतं ते कळेल. जॉर्ज क्रम यांचा 'ब्लॅक एंजल्स', १९७० चा, व्हिएतनाम युद्धाच्या काळात लिहिलेला, वाद्यांना विजेची जोड दिलेला क्वार्टेट. क्रम २०२२ मध्ये गेले. आम्ही तो वाजवला तेव्हा ते हयात होते, त्यामुळे आमच्या नियमात बसत होता. त्यात वादक बोटांना अंगुस्तान घालून तारांवर वाजवतात, काचेच्या कांड्या वापरतात, निरनिराळ्या भाषांत आकडे मोजतात, आणि एका जागी बो डाव्या हाताच्या चुकीच्या बाजूला, मानेकडे धरून जुन्या व्हायल वाद्यांसारखा आवाज काढतात. एका भागात चेलो एकटा गातो आणि बाकीचे तिघं पाणी भरलेल्या स्फटिकाच्या पेल्यांच्या कडेवर बो ओढतात. आम्ही पेले तीन दुकानांतून गोळा केले, कारण त्याच मापाचे दोन पेलेही एका सुरात बोलत नाहीत. पाणी वाढवलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. शेवटचा फरक ड्रॉपरने करायचा. सुपारीएवढं पाणी इकडेतिकडे झालं की सूर गेला. तालमीत सगळं जुळलं, आणि रात्री दिव्यांखाली तासभर ठेवल्यावर पेले किंचित चढलेले. तेव्हापासून मध्यंतरात एक जण फक्त पेल्यांपाशी उभा राहतो, हातात ड्रॉपर आणि कानाशी ट्यूनर. पण तो भाग सुरू झाला की खालून चेलोची ओळ वाजवताना मला अजूनही तंबोऱ्यांच्या मध्ये बसल्यासारखं वाटतं. मिरजेच्या चांगल्या जोडीचा झंकार जसा सगळीकडून येतो आणि कुठूनच येत नाही, तसा तो काचेचा सूर येतो. पुढेमागे वाजवा. पहिल्या वर्षी नको.

याच रचनेमुळे क्रोनोस क्वार्टेट हा चौघांचा गट जन्माला आला. १९७३ मध्ये सिॲटलमध्ये डेव्हिड हॅरिंग्टन या तरुण व्हायोलिनवादकाने 'ब्लॅक एंजल्स' रेडिओवर ऐकला आणि हे वाजवायला आपला गट हवा म्हणून क्रोनोस उभा केला. त्यांनी पहिल्यांदा लिहवून घेतलेल्या रचनेचं मोल म्हणून रचनाकार केन बेन्शूफ यांना डोनटची पिशवी दिली होती. पुढे त्यांनी हयात रचनाकारांकडून शेकड्यांनी रचना लिहवून घेतल्या. मराठी घरांना त्यांचं नाव ठाऊक असेल ते २००५ साली आशाताईंना घेऊन त्यांनी केलेल्या आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांच्या अल्बममुळे. तुमच्या कामाचं त्यांचं दुसरंच काही आहे. २०१५ मध्ये त्यांनी पन्नास नव्या क्वार्टेटचा एक प्रकल्प सुरू केला, खास तरुण गटांसाठी, आणि त्या सगळ्यांचे स्कोअर (चौघांचे सूर एकत्र असलेली प्रत) आणि चौघांचे पार्ट्स (प्रत्येकाची वेगळी प्रत) इंटरनेटवर फुकट ठेवले. त्यात झाकीर हुसेन यांची 'पल्लवी' आहे (झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले, तुमचा नियम तेवढ्यापुरता सैल करा), आणि सारंगीवादक पं. रामनारायण यांच्या कन्या अरुणा नारायण यांचा 'मिश्र पिलू' आहे. पैशाची अडचण सांगणाऱ्या गटाला मी आधी तिकडे पाठवते.

अमेरिकन रचनाकार टेरी रायली यांचंही काही वाजवा. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे ते वर्षानुवर्षांचे शिष्य. क्रोनोसशी गाठ पडली तेव्हा त्यांचा भर उत्स्फूर्त वादनावर होता. त्या गटासाठी ते पुन्हा कागदावर सूर लिहायला लागले. सवाई गंधर्व महोत्सवात लहानपण गेलेल्या श्रोत्यांना त्यांच्या लांब, हळूहळू उलगडणाऱ्या भागांत फार पटकन घर सापडतं. रचनाकार रीना इस्माईल यांचा 'रागमाला' क्वार्टेट आहे, चार भागांचा, एकेका भागामागे एकेक राग: बिहाग, मालकंस, बसंत, जोग. तो घेतलात तर एक सांगणं. मालकंसाचे कोमल गंधार-धैवत पियानोच्या पट्टीत धरू नका. सरावाला फोनवरचा तानपुरा लावा, व्हिब्राटो, म्हणजे बोटाने सूर थरथरवणं, पूर्ण बंद ठेवा, आणि आधाराच्या सुराशी प्रत्येकाने आपला स्वर एकेकट्याने मिळवा. चौघांनी एकत्र मिळवायला घेतलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे सरकतो आणि कुणीच जागेवर राहत नाही. स्टीव्ह राइक यांचा १९८८ चा 'डिफरंट ट्रेन्स' तुम्हाला वाजवावासा वाटेल, मलाही वाटतो, पण त्याला ध्वनिमुद्रित भाग आणि खरोखर चांगली ध्वनियंत्रणा लागते. तो दुसऱ्या वर्षावर टाका.

हॉलबद्दल एकच कटू आठवण. एकदा आम्ही मोठ्या हौसेने एक नवं, चकचकीत सभागृह घेतलं. तालमीत सगळं छान. प्रत्यक्ष मैफलीला एअर कंडिशनर चालू होता आणि तो बी फ्लॅटच्या जरा खाली गुणगुणत होता. आमची रचना जवळजवळ ऐकू येणार नाही इतक्या हळू सुरांची होती, आणि तिचा शेवट ए-वर, म्हणजे त्या गुणगुणण्याला खेटूनच. बंद करण्याचं कबूल केलेलं होतं. किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस घरी गेलेला. पंचवीस मिनिटं आम्ही त्या यंत्राशी भांडलो. रचनाकार शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हा हॉल ठरवण्याआधी मैफलीच्याच वारी, मैफलीच्याच वेळी तिथे जा, पंखे-दिवे-एसी सगळं चालू करून शेवटच्या रांगेत दहा मिनिटं नुसते बसा. पुण्यात लग्नसराई आणि गणपतीचे दिवस टाळा. मोठ्या हॉलचा मोह नको. साठ माणसांची दगडी भिंतींची खोली पुरते. लॉस एंजेलिसला पीटर येट्स आणि त्यांची पियानोवादक पत्नी फ्रान्सेस मलन यांनी आपल्या लहानशा घराच्या गच्चीवर रुडॉल्फ शिंडलर या वास्तुकाराकडून एक खोली बांधून घेतली आणि १९३९ मध्ये तिथे नव्या संगीताच्या मैफली सुरू केल्या. मैफल वाजवणाऱ्यांच्या आनंदासाठी आहे आणि श्रोते किती आले यावर ती अवलंबून राहणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९५४ पासून त्याच मालिकेला सोमवारच्या मैफली असं नाव पडलं. त्याच वर्षी डिलन टॉमस या कवीच्या स्मृतीसाठी स्ट्राविन्स्की या रचनाकाराने लिहिलेली रचना त्या मालिकेत पहिल्यांदा वाजली. गच्चीवर लावलेलं ते रोप आजही वाढतंय.

हक्कांचं थोडक्यात. भारतात रचनाकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे तुमच्या सगळ्याच रचना हक्काखालच्या. पार्ट्स विकत घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ वाजवू नका. जाहीर कार्यक्रमाचा परवाना लागतो, त्यासाठी आयपीआरएस या रचनाकारांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या संस्थेकडे आधी विचारणा करा. आणि रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणार असाल तर त्याची परवानगी वेगळी घ्या. पुष्कळ तरुण रचनाकार स्वतःच आपले पार्ट्स विकतात; सरळ मेल लिहा. मी पाठवलेल्या अशा मेलांपैकी बहुतेकांना दोन दिवसांत उत्तर आलंय, कारण पुण्यात कुणी आपली रचना वाजवतंय याचा आनंद त्यांना तुमच्यापेक्षा जास्त असतो.

नवी रचना लिहवून घेणार असाल तर रक्कम लहान असली तरी ठरवून, लिहून द्या. डोनटची गोष्ट गोड आहे, पण पन्नास वर्षांनी आपण तसंच पुन्हा करू नये. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार गट मिळून वर्गणीने लिहवून घ्या. याचा मोठा फायदा पैशांचा नाहीच. चार गटांनी वर्गणी भरली की ती रचना निदान चार गावांत वाजते. नवी रचना पहिल्या प्रयोगाला सहसा मरत नाही, कौतुकच होतं तिचं. मग फाइलीत जाते आणि दुसरा प्रयोग होत नाही. आपल्याकडे याचं दुखवणारं उदाहरण आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले नावाजलेले व्हायोलिनवादक आणि अरेंजर, यांनी १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. त्यांचं नाव नंतर सगळ्या देशाने एका सिनेमाच्या गाण्यात गुणगुणलं. त्या रचना गुणगुणणारा मला आजवर कुणी भेटला नाही. २०१२ मध्ये ते गेले. तेव्हा पुण्यात शनिवारी वाजवलंत की रविवारी मुंबईत एखाद्या लहान हॉलमध्ये वाजवा, महिन्याभराने गोव्यात. जुन्या गोव्यातलं मोंतेचं चॅपल क्वार्टेटला फार मानवतं. तिथे सूर सोडल्यावर तो भिंतीला लागून परत येतो, आणि पुढचा सूर कधी लावायचा हे तुम्हाला तो चॅपलच सांगतो.

पहिल्या मैफलीत काय वाजवावं, तर मी हे वाजवेन. हायडनच्या ओपस ७७ क्रमांक २ या क्वार्टेटमधला फक्त मिन्युएट, म्हणजे नाचाच्या चालीचा भाग, १७९९ चा. लगेच, मध्ये टाळी न घेता, अमेरिकन रचनाकार कॅरोलिन शॉ यांचा 'आन्त्राक्त'. त्यांना तो सुचला तोच या हायडनवरून. ब्रेंटानो क्वार्टेट या गटाने वाजवलेला ऐकताना मिन्युएट मध्येच डी फ्लॅट या वेगळ्या पट्टीत जातो, त्या वळणाने त्या थांबल्या आणि २०११ मध्ये हा क्वार्टेट लिहिला. "फक्त हयात" हा नियम त्या पाच मिनिटांसाठी मोडा. तुमच्या श्रोत्याला त्यातून आयता नकाशा मिळतो. मग पाच मिनिटांचं बोलणं, क्रोनोसच्या फुकट पन्नासातली एखादी लहान रचना, चहा, आणि 'आन्त्राक्त' पुन्हा. मधे बो तारांवर नुसता घासून कुजबुज होते, तिथे पहिल्या वेळी लोक एकमेकांकडे बघतील, दुसऱ्या वेळी बघणार नाहीत. शेवट चेलोचा एकट्याचा आहे, बोटांनी छेडलेले सूरसमूह, एकामागून एक, गोष्ट सांगताना आठवून आठवून बोलावं तसे. तुमच्या चेलोवाल्याला सांगा, नखाचा आवाज येऊ देऊ नको, अंगठ्याच्या मांसल भागाने छेड, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा थोडं हळू. तोवर हॉलमध्ये सगळ्यांना पुढचा सूर माहीत असतो, ते थांबतात.